देवकाच्या हनुवटीवरचा वण

या गं, अशा जवळ बसा. एक पाय दाराबाहेर ठेवून काय ऐकता? तुमचं नेहमीचंच आहे. काशीला जाता, रामेश्वरला जाता, परवा तर एक जण थेट सिंगापूरला जाऊन आली आणि तिथल्या झाडांसमोर उभी राहून दोनशे फोटो धाडले मला. एकात तरी चेहरा नीट दिसावा! सगळ्यांच्या डोळ्यांखाली सावल्या. आणि आपल्याच भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पलीकडे लाखांदूरकडे, तुमच्यातल्या एकीनंही कधी पाय ठेवला नाही. मी जाऊन आले. चार दिवस, सहासष्टाव्या वर्षी, एकटी, गळ्यात कॅमेरा अडकवून. का गेले ते आधीच लिहून टाकते, म्हणजे मध्ये मध्ये विचारणार नाही.

मी जळत होते म्हणून गेले. एका बाईवर. चाळीस वर्षं जळत होते, आणि त्या बाईला मी कधी पाहिलंही नव्हतं.

आमचा साकोलीला फोटो स्टुडिओ होता. हे पुढे, मी मागे. पुढे कॅमेरा, पडदा, गिऱ्हाईक. मागे अंधारखोली आणि खिडकीजवळ माझं टेबल. त्या टेबलावर मी निगेटिव्ह दुरुस्त करायची. शाळा माझी चौथीपर्यंत, हे काम मला कुणी शिकवलं नाही, वाया गेलेल्या निगेटिव्हवर हात फिरवत फिरवत शिकले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सावळी बाई पांढरी दिसते, गोरी बाई काळी, दात काळे. देवीचे व्रण असले की टोकदार पेन्सिलीनं भरायचे. आणि चेहरा उजळ हवा असला की त्यावर पातळ लाल रंग ब्रशानं फिरवायचा, मग कागदावर छापताना रंग खुलून येतो. लग्नाच्या पोरींचे फोटो पाहुण्यांकडे आधी जायचे ना, त्या सगळ्या माझ्या हाताखालून गेल्या. पडद्याआडून बापाचा आवाज यायचा, "जरा उजय करजा, भाऊ." पोरगी मी पाहायचीच नाही. मी पाहायची तिचं भूत.

थोरल्याच्या बाळंतपणाला माहेरी गेले आणि तीन महिन्यांनी परत आले, तर आमच्या दर्शनी काचेत एक नवा फोटो. रोवण्याचे दिवस, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर चिखल, हातात धानाच्या रोपांची जुडी, गालावर चिखलाचा फटकारा, आणि पोरगी कुणाकडे तरी पाहून हसते आहे. काळीसावळी. हनुवटीवर लांबट वण. मी म्हटलं, द्या, वण काढून देते. तर हे म्हणाले, "याला हात लावायचा नाही."

"कोण आहे?"

"आहे एक."

आहे एक! हे दोन शब्द मी चाळीस वर्षं चघळले. आणि माझे फोटो किती म्हणाल तर ढीगभर. पण सगळे दिवे तपासायला काढलेले. "जरा बस तिथे, उजेड पाहू दे." कुठे माझं अर्धं तोंड, कुठे डोळे मिटलेले. मुद्दाम बसवून, हनुवटी जरा वर कर म्हणून काढलेला एकही नाही. मी खूपदा त्या काचेतल्या पोरीसमोर 'पासपोर्ट फोटो ताबडतोब' ही पाटी नेऊन ठेवायची. हे येता-जाता पाटी बाजूला सरकवायचे. भांडलो नाही आम्ही यावरून. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

हे जाऊन सहा वर्षं झाली. मी वरठीला लेकाकडे राहते. त्यानं मला एक जुना कॅमेरा आणून दिला, मोबाइलवर पाहून पाहून मी शिकले, आता बायांचे चेहरे काढत फिरते. सुंदर कशाला म्हणायचं ते मला या वयात तपासायचं होतं. पण कुठलाही चेहरा समोर आला की मन त्या चिखलातल्या पोरीशी ताडून पाही. शेवटी तो फोटो पेटीतून काढला. मागे ह्यांच्या अक्षरात एकच शब्द, दिघोरी. नाव नाही.

ठरवलं, जायचं. दिवाळीनंतर जायचं, कारण तेव्हा गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि मंडईला लेकी माहेरी येतात. तिला शोधायचं, आणि भर दुपारी बाराच्या उन्हात तिचा फोटो काढायचा. बाराच्या उन्हात कुणीही सुंदर दिसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा हेतू असा होता. तुमच्यापासून काय लपवायचं.

वरठी

सुरुवात आपल्या दारापासूनच केली. सकाळी कारखान्याची पाळी सुटते तेव्हा सायकली आणि मोटरसायकलींची नुसती रांग असते, आणि त्या रांगेतले निम्मे जण पार्वतीच्या गाडीवर तर्री-पोहे खायला थांबतात. पार्वतीचा फोटो मी वाफेतून काढला. मग विचारलं, "पार्वती, तू सुंदर आहेस का गं?"

"दुपारी दोनपर्यंत नाही, काकू. पोहे संपले का मंग असतो."

"मग तुझ्या पाहण्यात सुंदर कोण?"

तिनं झारा खाली ठेवला. "माही सासू. मरून चार वर्सं झाली, पण तसं नाक अजून पाह्यलं नाही. त्याच नाकानं मले लय छळलं. भाजी चुलीवरच असे आन तिले वासावरून समजे मीठ कमी हाय म्हून."

बसमध्ये बसल्यावर मी विचार करत राहिले. हिलाही जळायला एक बाई आहे. मला जरा बरं वाटलं.

साकोली

साकोलीच्या बसस्टँडवर उकडलेले शिंगाडे घेतले, काळे, गरम, कागदात. ते सोलत सोलत आमच्या दुकानासमोर गेले. आता तिथे ब्यूटी पार्लर आहे. आमच्या काचेला आतून गुलाबी पडदा. माझ्या टेबलाच्या जागी केस धुवायची खुर्ची. चालवणारी पोरगी रोशनी, पंचविशीची, तोंडानं खट्याळ.

"आजी, फेशियल का आयब्रो?"

मी म्हटलं, इथे आमचा स्टुडिओ होता, मी इथे बसून चेहरे उजळ करायची.

"मंग तुम्ही माह्या सिनिअरच झाल्या की!" असं म्हणून तिनं मला गोल दिव्यासमोर बसवलं, मोबाइल धरला, अंगठा एकदा फिरवला आणि माझ्यापुढे केला. त्यात मी गोरीपान. सुरकुती एक नाही. नाक बारीक. मला एका चेहऱ्याला चार-चार दिवस लागायचे गं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि हिचं काम एका अंगठ्यात!

खरं सांगू? त्या मोबाइलमधल्या बाईकडे मी जरा जास्तच वेळ पाहिलं. मनात आलं, अशी असते तर ह्यांनी मला काचेत ठेवलं असतं. आणि लगेच आठवलं, काचेत ठेवलेली तर अशी मुळीच नव्हती.

"पाठवू का आजी तुमच्या मोबाइलवर?"

"नको," म्हटलं. मग दारातून परत आले आणि म्हटलं, "पाठव."

दिघोरी, पहिला दिवस

रात्र साकोलीला काढून सकाळी लाखांदूरच्या बसनं निघाले, मध्येच उतरून पुढे काळीपिवळी जीपमध्ये कोंबून दिघोरीला पोचले. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, कुठे अजून उभा धान, तळ्यावर बगळे. तिकडे आपल्यासारखी चारी बाजूंनी भिंत घालून घरं नाहीत. अंगण उघडं आणि अंगणातच धानाचे भारे रचलेले पुंजणे, घरापेक्षा उंच. ज्याचा पुंजणा मोठा त्याचा आवाज मोठा. मंडईमुळे चौकात जिलबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, आणि नव्या साड्यांतल्या माहेरवाशिणी घोळक्यानं फिरत होत्या. प्रत्येकीच्या तोंडाकडे मी पोलिसासारखी पाहत होते.

चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याला फोटो दाखवला. त्यानं तो उन्हाकडे धरला. मला वाटलं, चाळीस वर्षांपूर्वीचा चेहरा, काय ओळखणार हा. पण त्यानं थेट हनुवटीवर बोट ठेवलं.

"हे तं देवका होय. हा वण पाहा ना. हिच्या बापाच्या बैलाचं शिंग लागलं होतं, मी होतो तवा वावरात. भावाकडं आली हाय मंडईले. त्या निंबाच्या झाडाजवयचं घर."

म्हणजे मी तेव्हा वण पुसला असता तर आज ती सापडलीच नसती. पण हा विचार तिथे आला नाही, इथे लिहिताना आला. तिथे माझी नजर घड्याळावर होती. अकरा चाळीस झाले होते.

देवका अंगणात सुपानं धान पाखडत बसली होती. साठीची बाई. अंग सुटलेलं, केस पिकलेले, समोरचे दोन दात गेलेले. मी दारातच मनातल्या मनात साखर वाटली. मग तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "कोन होय वो?"

"मी साकोलीची. फोटो स्टुडिओवाल्यांची बायको."

"अवो माय! भाऊची बायको! या ना वो वहिनी, उभ्या काहून राहिल्या?" आणि ती हसली.

तेच हसू. दोन दात नसताना तेच हसू. डोळे आधी हसतात, मग गाल, मग सगळं अंगण हसतं. मला रडू आलं असतं तर शोभलं असतं. आला तो राग. आणि 'भाऊ' म्हणे! चाळीस वर्षं मी ज्याचा काट्यासारखा सल बाळगला, तो हिचा भाऊ!

तिची नात विद्या, वीसेक वर्षांची, साकोलीला कॉलेजात जाणारी, पाणी घेऊन आली. ह्यांच्या जाण्याची बातमी सांगितली तेव्हा देवकानं हातातलं धान परत सुपात सोडलं. मी तिला तिथे रेंगाळू दिलं नाही. म्हटलं, फोटो काढते तुमचा, इथेच बसा, पुंजण्याशेजारी, सावलीत नको. बरोबर बाराला. कॅमेरा मी खाली मांडीशी धरला. खालून घेतला की हनुवट्या दोन होतात. माणूस बरा दिसावा म्हणून जे जे मी आयुष्यभर केलं, ते सगळं उलटं करून सहा फोटो काढले. पाहिलं तर डोळ्यांच्या जागी खड्डे, कपाळ तेलकट, आणि वण उन्हात दोऱ्यासारखा चमकलेला. पाप लागेल मला, पण मी खूश झाले. तोच फोटो तिच्यापुढे धरला.

देवकानं कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. "विद्या, पाह्य वो! हे मीच होय!"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे का, वहिनी, माह्या जन्मात माहं थोबाड माह्यावानी दोनदाच आलं. एकदा भाऊनं वावरात काढला तवा, आन आज. त्याच्या आंधीचा फोटो तं माहा नव्हताच."

"आधीचा कुठला?"

सूप बाजूला ठेवून तिनं सांगितलं.

तिच्या लग्नासाठी बाप तिला साकोलीला आमच्या स्टुडिओत घेऊन आला होता. फोटो पाहुण्यांकडे गेला. पसंत पडला. पोराकडची सात माणसं पाहायला आली. देवका पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली तर पोराच्या मामानं फोटो तिच्या तोंडाशेजारी धरला आणि म्हणाला, ही तर ती पोरगी नव्हेच. फोटोतली गोरी आहे, हनुवटी साफ आहे, आम्हाला फसवता? पाहुणे पोहे न खाता उठले. गावात झालं, देवकाच्या बापानं दुसरीचाच फोटो धाडला.

"मंग बापानं मले दोन महिने वावरात जाऊ नाही देलं. ऊन लागते म्हने. मी घरात कोंडली. आन बाबा गेले साकोलीले भांडाले. वहिनी, तवा तुम्ही नव्हत्या, माहेरी होत्या म्हने."

मी माहेरी होते. आणि माहेरी जायच्या आदल्या आठवड्यात मी एक काम केलं होतं, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. चेहरा आठवला नाही, निगेटिव्ह आठवलं. हनुवटीवर बारीक काळी रेघ. पेन्सिलीनं ती जात नाही, ब्लेडच्या टोकानं खरवडावी लागते, जरा जास्त दाबलं की भोक पडतं. सातवा महिना सरलेला, टेबलाशी नीट वाकता येत नव्हतं, तरी अर्धा दिवस बसून मी ती काढली आणि वर लाल रंगाचे दोन हात दिले. इतकं बारीक काम मी पुन्हा कधी केलं नाही. आईला सांगितलं होतं मी अभिमानानं.

"भाऊ मंग इथं आले," देवका सांगत होती. "त्या चुलीजवय बसले. बाबा लय बोलले त्याईले. त्याईनं ऐकून घेतलं. म्हने, माह्या बायकोनं पोरगी पाह्यलीच नाही, पाह्यली मी. तिले सांगाचं काम माहं होतं, चूक माही. आन म्हने, ती दोन जीवाची हाय, हे तिच्या कानावर घालू नका. मंग मले म्हने, चाल बाई, वावरात चाल, जशी हाय तशी काढतो. बांधीत उतरताना सरकन घसरले, कॅमेरा वर आन भाऊ चिखलात! तवाच मी हासली तं त्याईनं बसल्या बसल्याच काढला."

तो फोटो त्यांनी काचेत लावला तो यासाठी, की पाहणाऱ्यानं आधीच नीट पाहावं. पुढे बाजाराच्या दिवशी एका शेतकऱ्यानं तो पाहिला आणि आत येऊन पत्ता विचारला. तोच देवकाचा सासरा झाला. आणि मी त्याच फोटोसमोर पाटी ठेवत होते. हे तिला मी तोंडावर सांगू शकले नाही, इथे लिहिते आहे.

पण लाल रंगाचं, तिला ह्यांच्याकडून कळलेलं असलं तरी, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. "देवका, ते काम माझ्या हातचं होतं. वण मी काढला."

ती माझ्या हातांकडे पाहत राहिली. हसली नाही. 

"कायले काढला?" तिनं विचारलं. "त्यानं तुमचं का बिघडवलं होतं?"

  कुणी मागितलं नव्हतं, तिच्या बापानं फक्त उजळ करा म्हटलं होतं. मला वण दिसला आणि माझा हात गेला.

ती उठली आणि आतून लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आली. पण ताट माझ्यापुढे जरा जोरात ठेवलं, आणि ते बरोबरच होतं.

दिघोरी, दुसरा दिवस

मी रात्री त्यांच्याकडेच राहिले. मंडईची दंडार, ते रात्रभराचं नाटक, पाहायला मी गेले नाही, लवकर पडले, पण झोप लागली नाही. तुम्ही म्हणाल, आता तर उलगडा झाला, आता कसला सल? उलट वाढला गं. हे तिच्या चुलीजवळ बसून चूक माझी म्हणाले. ते वाक्य माझ्या वाट्याचं होतं. बाळ मोठं झाल्यावर कधीतरी, जेवताना, सहज म्हणून मला सांगता आलं असतं. मला मिळालं "आहे एक", आणि ते वाक्य चाळीस वर्षं हिच्या घरी राहिलं. मी तिच्या रूपावर जळत होते, ते फारच सोपं जळणं होतं.

सकाळी देवकाला मी पूर्वेकडच्या दाराशी बसवलं, उंबऱ्याच्या आत, जिथे ऊन नसतं पण उजेड असतो. काल जे काढले ते फोटो तिच्यासमोर पुसून टाकायला निघाले तर तिनं हात धरला. "राहू द्या ना. तोबी मीच हाय."

मग मी काढले. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत. काही सांगितलं नाही, हसा नाही, मान वळवा नाही. ती पाखडायच्या धानाचा विचार करत होती, तसाच चेहरा आला. सावळा रंग सकाळच्या उजेडात किती प्रकारचा असतो ते मला चाळीस वर्षं त्या लाल ब्रशामुळे कळलंच नव्हतं; गालावर तांब्यासारखा, मानेवर जांभळट, कपाळावर जवळजवळ सोनेरी. वण मधोमध. तो नसता तर हनुवटी कुणाचीही झाली असती. ह्यांना हे तिशीत दिसलं होतं. मला सहासष्टाव्या वर्षी, तेही दिघोरीपर्यंत येऊन. याचाही हेवा वाटला, आता मेलेल्या माणसाचा हेवा करायचा तो कसा!

विद्या माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिचा रंग आजीचाच. म्हणाली, "आजी, माह्या बायोडाटासाठी काढून देसाल? फिल्टर मारू नका पण." मी काढून दिला. तिची आई कुरकुरली म्हणे नंतर. कुरकुरू दे.

निघताना देवकानं कॅमेरा मागितला. "द्या, तुमचा काढतो." मी म्हटलं, अगं, उजेड पाहून घे आधी. "उजेड गेला चुलीत, तुम्ही बसा." तिनं काढलेल्यात माझं डोकं वरून कापलं गेलं आहे, चष्म्यावर झळाळी आहे, आणि मी कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे रागानं पाहते आहे. फोटोवाल्याच्या बायकोला हे सांगायला लाज वाटते, पण मला तो आवडला.

वरठी, परत आल्यावर

आता तुमच्याशी बोलणं संपलं, बायांनो. हे शेवटचं देवकासाठी. तिला वाचता येत नाही, विद्या वाचून दाखवेल. विद्या, पाटीचं लिहिलं आहे ते गाळू नकोस, सावकाश वाच.

देवका, दाराशी काढलेला तो फोटो कोरा कागद लावून पाठवला आहे, कुठे हात लावलेला नाही. माझा हेवा गेला असं समजू नकोस, तो आहे, फक्त आता मला त्याचा पत्ता माहीत आहे. त्या दिवशी हे तुमच्या घरी दुपारपासून संध्याकाळपर्यंत होते, असं तू म्हणालीस. एवढ्या वेळात ते एकच वाक्य तर बोलले नसतील. काय खाल्लं, चिखलाचे कपडे कुठे वाळवले, माझं नाव घेतलं का, सगळं आठव. आठवलं नाही तरी चालेल, इथे बसून आठवू. धान घरात आला की ये. मंडईची वाट पाहू नकोस, वर्ष लांब असतं आपल्या वयाला. वरठीला उतरलीस की कुणालाही फोटोवाली म्हातारी विचार. चार दिवस राहायच्या बेतानं ये, आणि लवकर ये.